फास्ट फूडची नोकरी घ्यावी का? पगाराआधी रोस्टर विचार

प्रश्न: मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. पुण्यात एस. वाय. बी. एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. घरून महिन्याला 7,000 रुपये येतात. कॉटचे 3,500 आणि मेसचे 3,200 दिले की हातात काही उरत नाही. नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये बर्गरच्या आउटलेटला पार्ट टाइम जागा आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा, आठवड्याला सहा दिवस, ताशी 65 रुपये. सोमवारपर्यंत कळवायचंय. वडील म्हणतात, शिकायला पाठवलंय, लोकांची खरकटी उचलायला नाही. घेऊ की नको?

उत्तर:

सोमवार जवळ आहे म्हणून निकाल आधी सांगते. ही नोकरी, त्यांनी सांगितलेल्या वेळांना आणि इतक्या लांबच्या मॉलमध्ये, घेऊ नकोस. पण फास्ट फूडमध्ये काम करायचा विचार मात्र सोडू नकोस. तुझ्यासारख्या मुलासाठी हे काम चांगलं आहे, फक्त ते तुझ्या वेळापत्रकात बसवून घ्यावं लागतं. कसं बसवायचं, तेच खाली लिहिते.

मी स्वतः 2003 साली, तुझ्यासारखीच एस. वाय.ला असताना, काउंटरला उभी राहिले. पुढे क्रू ट्रेनर, शिफ्ट मॅनेजर, मग दुकानाची मॅनेजर झाले. आता नव्या मॅनेजरना शिकवते. म्हणजे मी रोस्टरवर, कोणाची पाळी कधी ते सांगणाऱ्या तक्त्यावर, नाव लागलेली मुलगीही होते आणि नंतर बरीच वर्षं दर शनिवारी पुढच्या आठवड्याचं रोस्टर लावणारीही मीच होते. कॉलेजातल्या मुलांचं या कामात काय होतं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, आणि त्यावरून एक गोष्ट मला पक्की कळलीय. नोकरी हलकी की भारी, पगार पाच रुपये कमी की जास्त, यावर मुलांचं शिक्षण तरत किंवा बुडत नाही. ते ठरतं रात्री किती वाजता दुकानातून बाहेर पडतोस यावर.

आधी हिशेब करू. ताशी 65, रोज पाच तास, महिन्याचे 26 दिवस. 130 तासांचे 8,450 रुपये झाले. दुकान रीतसर असेल तर त्यातून पीएफ कापला जाईल. पूर्ण पगारावर 12 टक्के धरले तर 1,014. ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे, पाऊण टक्का, ते 64. महाराष्ट्रात पुरुषांना साडेसात हजारांवर व्यवसाय कर लागतो, तुझ्या पगाराला 175. हातात राहिले 7,197. तुझ्या वर्गातली एखादी मुलगी हेच काम करत असेल तर तिला व्यवसाय कर लागणार नाही, महिलांना 25,000 पर्यंत माफ आहे. पीएफचे पैसे कुठे जात नाहीत, ते तुझ्याच खात्यात साठतात आणि मालकही त्याचा वाटा घालतो. त्यामुळे पीएफ कापणाऱ्या दुकानावर नाराज होऊ नकोस. उलट "कटिंग काही नाही, सगळा पगार हातात" असं कोणी आनंदाने सांगितलं तर सावध हो. तिथे बहुतेक वेळा तुझं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, आणि उद्या हात भाजला तर दवाखान्याचा खर्च तुझा तुलाच करावा लागतो.

एक मात्र विचारून घे. ब्रेकचा अर्धा तास पगारात धरतात का? पाच तासांच्या शिफ्टमध्ये अर्ध्या तासाचे पैसे कापत असतील तर वरच्या 8,450 चे 7,605 होतात. मुलं हे विचारत नाहीत आणि पहिल्या पगाराला मॅनेजरशी वाद घालतात.

आता खरी वजाबाकी. कर्वेनगरहून नगर रस्त्याला संध्याकाळच्या गर्दीत पीएमटीने तास धर. परत येताना गर्दी कमी असते, पण बसही कमी असतात. पाच तासांची नोकरी सात तासांची झाली. दिवसाचे 325 रुपये सातने भागलेस तर ताशी 46 पडतात, तिकिटाचे पैसे वेगळे. कोथरूड, कर्वे रस्ता, डेक्कन या पट्ट्यात पिझ्झा, बर्गर, कॉफीची भरपूर दुकानं आहेत. तिथे ताशी 60 मिळाले तरी ते तुझ्या 65 पेक्षा जास्त आहेत. चालत किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत पोचता येईल अशा जागेच्या पलीकडे विद्यार्थ्याने नोकरी शोधू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि "साडेदहा" हा शब्द. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण बाहेरून हे कोणाला दिसत नाही.

दुकान अकराला बंद होत असेल तर साडेदहाची शिफ्ट ही कागदावरची शिफ्ट असते. क्लोजिंग काय असतं ते बघ. शेवटची ऑर्डर गेली की फ्रायर बंद करायचे, तेल जरा उतरलं की गाळायचं. गाळणीच्या मशीनला नळी लावून तेल खाली सोडायचं, तळाशी बसलेला काळा चुरा खरवडून काढायचा, टाकी पुसायची, तेल परत चढवायचं. ग्रिलवरची जळकी थर पट्टीने ओढायची. सॉसच्या बाटल्या, ट्रे, चिमटे, सगळं तीन सिंकमध्ये: एकात धुणं, दुसऱ्यात खळबळणं, तिसऱ्यात निर्जंतुक करणं. मग जमीन. साबणाचं पाणी टाकून कडक ब्रशने घासायची आणि वायपरने पाणी जाळीकडे ओढायचं. फ्रायरसमोरच्या फरशीवर तेलाचा असा पातळ थर असतो की पहिल्यांदा ब्रश मारला तर तो नुसता सरकतो, दुसऱ्यांदा कुठे पकड येते. शेवटी कचऱ्याच्या पिशव्या मागच्या दाराने खाली न्यायच्या. चार माणसं असतील तर तासाभरात होतं. दोनच असतील तर साडेबारा वाजतात. आणि रात्री नऊ वाजता चारातली दोन माणसं "आज गर्दी नाही, जा घरी" म्हणून सोडलेली असतात, कारण मॅनेजरवर मजुरीचा टक्का, म्हणजे विक्रीतला किती भाग पगारावर जातो तो, सांभाळायचं दडपण असतं. ते दडपण माझ्यावरही होतं.

त्या दडपणाखाली मी केलेली एक गोष्ट सांगते. माझ्या दुकानात मराठवाड्यातलाच एक मुलगा होता, एफ. वाय.ला असताना लागलेला. हात इतका चटपटीत की क्लोजिंगला तो असला की मला घोर नसायचा. कधी नाही म्हणायचा नाही. "आज थांबशील का?" "थांबतो मॅडम." सुरुवातीला आठवड्याला दोन क्लोजिंग होती, दिवाळीच्या सुमारास चार झाली, पुढे पाच. रोस्टर मीच लावत होते. आणि ते लावताना एकदाही मी त्याला विचारलं नाही की तुझी प्रॅक्टिकल कधी आहेत. मे महिन्यात तो पगार घ्यायला आला तेव्हा सहज निकाल विचारला. चार विषय राहिले होते, दोन प्रॅक्टिकलना तो बसूच शकला नव्हता. मला म्हणाला, "सकाळी उठवलंच नाही मॅडम." त्याच्यावर चिडून नाही, माझ्यावर चिडूनही नाही, नुसतं सांगितलं. त्या वर्षी तो गावी परत गेला. त्यानंतर मी जितकी रोस्टरं लावली, त्या प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांची वेळापत्रकं शेजारी ठेवूनच लावली. पण त्याचं वर्ष त्यामुळे परत आलं नाही.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. क्लोजिंग कोणाच्या नावावर जातं ते तुला कळावं म्हणून सांगतेय. ते आळशी मुलाच्या नावावर जात नाही. जो काम नीट करतो आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या नावावर जातं. तुझ्या प्रश्नाच्या सुरावरून तू त्यातलाच वाटतोस.

म्हणून माझा सल्ला असा: आठवड्याला 20 तासांच्या वर जाऊ नकोस, आणि कॉलेज चालू असताना क्लोजिंग अजिबात घेऊ नकोस. 20 हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, पण तो एकटीचा नाही. ब्रिटनमध्ये पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, कॅनडाने नोव्हेंबर 2024 पासून 24 तास ठेवलेत, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48. आपली कितीतरी मराठी मुलं तिकडे याच मर्यादेत राहून बर्गर आणि कॉफीच्या दुकानांत काम करून शिकतात. (अमेरिकेला जायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तिथे विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर कॅम्पसबाहेर अशी नोकरी करायची परवानगी नसते. हॉटेलात चोरून काम करून व्हिसा धोक्यात घालू नये.)

शुक्रवारी संध्याकाळी चार तास आणि शनिवार-रविवार आठ-आठ तास दिवसपाळी, असे 20 तास होतात. मॅनेजर याला तयार होईल का? होईल, कारण त्याची खरी गरज तीच असते. मंगळवारी दुपारी दुकानात माशा मारायची वेळ असते. माणसं लागतात ती शनिवार-रविवारी. शनिवार-रविवार न चुकता येणारा मुलगा मॅनेजरला सहा दिवस अर्धवट येणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा असतो. मी मुलाखती घ्यायची तेव्हा "मी वीकेंडला कधीच दांडी मारणार नाही, पण सोमवार ते गुरुवार येऊ शकणार नाही" असं सरळ सांगणाऱ्याला लगेच घ्यायची.

20 तासांचे 65 च्या दराने महिन्याला साधारण 5,600 होतात. पीएफ आणि ईएसआयसी जाऊन हातात 4,900 च्या आसपास, आणि साडेसात हजारांच्या आत असल्याने व्यवसाय कर नाही. तुझी अडचण महिन्याला दोन-तीन हजारांची आहे. ती यात भागते. सहा दिवस राबून 7,200 मिळवण्यापेक्षा तीन दिवसांत 4,900 मिळवणं तुझ्या बाबतीत शहाणपणाचं आहे, कारण उरलेल्या 2,300 रुपयांसाठी तू प्रॅक्टिकलची जर्नल्स आणि झोप मोजून देणार आहेस.

त्याआधी एक काम कर, आजच. शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्त्याचं सगळं पाहून झालंय का? महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फी सवलतीचा अर्ज बहुतेक जण करतात, पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजना वेगळ्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तुझ्या प्रवर्गाला आणि अभ्यासक्रमाला कुठली लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचार. पोर्टलवर बघून "आपल्याला नसेल" असं ठरवू नकोस. पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या मुलांना कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते, तिथेही प्रवेशाची चौकशी कर. आणि पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत 'कमवा व शिका' योजना आहे: ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी दिवसाला दोन-तीन तासांचं काम, कॉलेजच्या आवारातच. पैसे कमी मिळतात, पण प्रवास शून्य आणि परीक्षेच्या काळात कोणी अडवत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत काम मिळालं तर मी ते बर्गरच्या आधी घ्यायला सांगेन. जागा मोजक्या असतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावं लागतं.

यातलं काही झालं नाही, किंवा होऊनही पैसे पुरत नाहीत, तर खुशाल फास्ट फूडमध्ये जा. आणि गेलास की तिथे काय शिकायचं ते डोळे उघडे ठेवून शिक, कारण तुझ्या विषयाच्या मुलाला तिथे जे मिळतं ते बी. कॉम.च्या मुलाला मिळत नाही.

मायक्रोबायोलॉजीत तू जिवाणूंच्या वाढीचं तापमान शिकतोस ना? दुकानात तोच धडा दर काही तासांनी वहीत लिहावा लागतो. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 च्या खाली, गोठवलेले उणे 18 ला. 5 ते 60 च्या मधल्या पट्ट्यात पदार्थ किती वेळ राहिला यावर तो वाढायचा की फेकायचा हे ठरतं. चांगल्या दुकानात तयार पदार्थ गरम ठेवायच्या प्रत्येक कॅबिनेटला टायमर असतो आणि तो वाजला की भरलेला ट्रे कचऱ्यात जातो. पहिल्या आठवड्यात मुलांचा जीव तुटतो. माझाही तुटला होता, आमच्या घरी शिळ्या भाकरीचा कुस्करा व्हायचा. पण का फेकतात ते तुला इतरांपेक्षा लवकर कळेल. तळणाच्या तेलाचंही तसंच. भारतात 1 जुलै 2018 पासून टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. ते मोजायचं मीटर किंवा पट्टी दुकानात असेल तर मॅनेजरला सांग, मला शिकवा. कच्चा माल आधी आलेला आधी वापरायचा, कच्च्या चिकनचे आणि शाकाहारी पदार्थांचे चिमटे वेगळे, हात कोपरापर्यंत वीस सेकंद धुवायचे, हे सगळं अन्नसुरक्षेचं प्रत्यक्ष काम आहे. एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फूड सेफ्टी सुपरवायझरसाठी जे फोस्टॅक प्रशिक्षण असतं त्याला पाठवायची संधी आली तर मागे राहू नकोस. दोन वर्षांनी एखाद्या डेअरीत किंवा फूड लॅबमध्ये क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखतीला बसशील तेव्हा "मी तापमानाच्या नोंदी ठेवल्यात, फ्रायर गाळलाय, एफएसएसएआयच्या ऑडिटला उभा राहिलोय" हे सांगणारे फार थोडे असतात. मी अशा मुलांना शिफारसपत्रं दिलीत आणि त्यांना कामं लागलीत.

दुसरी गोष्ट काउंटरची. किचनमध्ये तुला बरं वाटेल, कारण तिथे बोलावं लागत नाही. तरी महिन्याभराने मला काउंटरला लावा म्हण. गावाकडून आलेल्या मुलाची जीभ तिथे सुटते. रांगेत दहा माणसं, समोरच्या बाईंना कांदा नको, मागचा हिंदीत घाई करतोय, आणि तुला ऑर्डर परत वाचून दाखवायचीय, सुटे मोजायचेत. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. पाचशेची नोट उजेडात धरून बघायचंही सुचलं नाही. तिसऱ्या महिन्यात मी इंग्रजीत ऑर्डर घेत होते आणि चुकले तर दुरुस्त करून पुढे जात होते. कुठल्याही क्लासने मला ते दिलं नसतं.

त्रासाचंही सांगायला हवं. पाय दुखतात, पहिले पंधरा दिवस फार. बूट स्वस्तातले घेऊ नकोस. दुकानाने घसरत नाहीत असे बूट दिले तर उत्तम, नाही तर पहिल्या पगारातून तेच घे. हाताला भाजतं. टोस्टरच्या कडेला मनगट लागतं, फ्रायरची टोपली उचलताना थेंब उडतो. भाजलं की लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली दहा-वीस मिनिटं धर. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि रश आहे म्हणून "नंतर बघतो" तर मुळीच नको. अपघाताच्या वहीत नोंद करायला लाव, किरकोळ असलं तरी. जेवण म्हणून रोज बर्गर आणि कोल्ड्रिंक मिळेल. पहिला आठवडा मजा वाटते, मग पोट बिघडतं. मेसचा डबा बंद करू नकोस. पगार झाला की मेस सोडून दुकानात जेवायची चूक खूप मुलं करतात.

आणि सण. दिवाळी, 31 डिसेंबर, नवरात्रातले शनिवार-रविवार, या दिवशी सुट्टी मिळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरचा फोन येतो आणि तू ट्रे भरत असतोस. हे आधीच आईला सांगून ठेव. दिवाळीत घरी जायचंच असेल तर नोकरी घेतानाच त्या चार दिवसांचं बोल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे, तोंडी "बघू" वर जाऊ नकोस.

कागदपत्रांबद्दल तीन गोष्टी, इथे मी कडक आहे. मूळ मार्कशीट कोणालाही ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स दे. युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे किंवा "रजिस्ट्रेशन"चे पैसे आधी मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो, फसवणारा असतो. मोठ्या ब्रँडच्या नावाने असे फोन मुलांना सर्रास येतात. आणि नेमणूक कोण करतंय ते विचार: दुकान स्वतः, मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार, की अप्रेंटिस म्हणून. अप्रेंटिसला पगाराऐवजी विद्यावेतन असतं आणि पीएफ नसतो. ते वाईट असतं असं नाही, पण ठरावीक मुदतीचा करार असतो आणि वेळा पूर्ण दिवसाच्या असू शकतात, विद्यार्थ्याला ते झेपत नाही. ताशी दर बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर महाराष्ट्र सरकारने तुझ्या परिमंडळासाठी (भागासाठी) ठरवलेलं किमान वेतन बघ. त्यातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. मासिक आकड्याला 26 ने आणि मग 8 ने भाग. तुझा दर त्याच्या खाली असेल तर ते बेकायदा आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, हेही लक्षात ठेव.

डिलिव्हरीची बाइक मात्र घेऊ नकोस. पैसे जास्त दिसतात, म्हणून मुलं काउंटरवरून रायडरकडे वळतात. पावसाळ्यात रात्री पुण्याच्या रस्त्यावर वेळेच्या घाईत बाइक चालवायची किंमत मी दोन मुलांच्या पायांत रॉड घातलेले बघून मोजलीय.

यापुढचं कोणी सांगत नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सहा-आठ महिन्यांनी तू चांगलं काम करशील आणि मॅनेजर तुला बाजूला घेऊन म्हणेल, "फुल टाइम ये, वर्षभरात शिफ्ट मॅनेजर करतो." विसाव्या वर्षी हा शब्द फार मोठा वाटतो. घरी पाठवता येतील इतके पैसे दिसतात. कॉलेज काय, बाहेरून करू, असं मनात येतं. मी हे आमिष अनेकांना दाखवलंय, अगदी मनापासून, कारण मला चांगली माणसं हवी होती. आणि ज्यांनी डिग्री सोडून ते घेतलं ते पाच वर्षांनी एका पायरीवर अडकले, कारण दुकानाच्या मॅनेजरच्या वर जायला कंपन्या पदवी मागतात. मी स्वतः टी. वाय.ची परीक्षा दिली, मगच फुल टाइम झाले. म्हणून नोकरी धरायच्या आधीच सोडायची तारीख ठरव. टी. वाय.च्या शेवटच्या सत्राच्या आधी, म्हणजे डिसेंबर संपला की बंद, किंवा तोवर दुसरं प्रयोगशाळेतलं काम मिळालं की बंद. वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहून ठेव. आणि अधेमधेही एक खूण ठेव: हजेरी 75 टक्क्यांच्या खाली चाललीय असं दिसलं किंवा एक प्रॅक्टिकल चुकलं, की त्या आठवड्यात मॅनेजरशी बोलायचं. दुसरं चुकेपर्यंत थांबायचं नाही.

आता वडिलांचं. त्यांच्या बोलण्यात राग दिसतो, पण मला त्यात भीती ऐकू येते. सोयाबीन-कापसाच्या पैशातून ते दरमहा 7,000 बाजूला काढतात आणि मुलगा पुण्यात हातातून सुटेल असं त्यांना वाटतं. त्यांना "कुठलंच काम हलकं नसतं" असं ऐकवू नकोस. शेतात राबणाऱ्या माणसाला ते तुझ्याकडून शिकायची गरज नाही. आपल्याकडे ही गोष्ट नवीनही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती राबून शिकण्याच्याच पायावर, आणि 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेही 'कमवा आणि शिका' म्हणत. माझे वडील त्याच कॉलेजात तसंच शिकले. तरीही मी काउंटरला लागले म्हणून कळवलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून एसटीने आले, टोपी घालून, दुकानात एका कोपऱ्यात बसले. काही मागवलं नाही. दीड तास मला बघत होते. माझी शिफ्ट संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी एकच विचारलं: "रोज याच वेळेला सुटतेस का?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे आठवड्यातले दोनच दिवस त्या वेळेला सुटत होते. पुढच्या आठवड्यात जाऊन मी मॅनेजरकडून शिफ्ट बदलून घेतली, कारण वडिलांना दिलेलं उत्तर खोटं ठेवायचं नव्हतं. आज बघते तर त्या एका प्रश्नाने माझं वर्ष वाचवलं.

तेव्हा सोमवारी नगर रस्त्याच्या मॉलला नम्रपणे नाही कळव. कॉलेजच्या वेळापत्रकाची झेरॉक्स घे, त्यावर प्रॅक्टिकलचे दिवस आणि परीक्षेचे आठवडे लाल पेनाने खुणावून ठेव, आणि कोथरूड-डेक्कनच्या तीन-चार दुकानांत दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जा. त्या वेळी गर्दी नसते आणि मॅनेजर बोलायला मोकळा असतो. कागद पुढे ठेव आणि सांग: शुक्रवार संध्याकाळ, शनिवार-रविवार दिवसपाळी, आठवड्याला 20 तास, क्लोजिंग नाही, परीक्षेआधी दोन आठवडे सुट्टी, बिनपगारी चालेल. "ये तर खरं, मग अ‍ॅडजस्ट करू" असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. जो कागद हातात घेऊन वाचतो, तारखा विचारतो, त्याच्याकडे जा. पहिलं रोस्टर हातात आलं की त्याचा फोटो काढून वडिलांना पाठव, आणि किती वाजता सुटतोस ते फोनवर स्वतः सांग.